जितके रक्त येईल, तितकेच परत जाईल

वैद्यकीय उपकरणांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्क्यांवर आला. त्याआधी तो बहुतेक वस्तूंवर १२ किंवा १८ टक्के होता. त्याच्या वर्षभर आधी, १ जुलै २०२४ पासून, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे संरक्षण प्रति कुटुंब दीड लाखावरून वर्षाला ५ लाख रुपयांवर गेले आणि योजना राज्यातील सर्व कुटुंबांसाठी खुली झाली. हृदयाची शस्त्रक्रिया सामान्य माणसाच्या आवाक्यात आणणाऱ्या या निर्णयांवर पुष्कळ बोलले गेले. त्या चर्चेत स्टेंट होता, कृत्रिम झडप होती, महागडी यंत्रे होती. शस्त्रक्रिया सुरू असताना रुग्णाचे सगळे रक्त शरीराबाहेर आणणारी प्लास्टिकची एक नळी मात्र त्यात कुठेच नव्हती. वैद्यकीय भाषेत तिला ‘व्हीनस कॅन्युला’ म्हणतात. नळी साधी दिसते, पण हृदय उघडण्याची शस्त्रक्रिया किती सुखरूप पार पडेल, याचा बराचसा हिशेब तिच्या आतल्या पोकळीवर अवलंबून असतो.

छिद्र सापडते गावात, मिटते नागपुरात

भंडारा जिल्ह्यातील पवनीसारख्या तालुक्यात हा विषय दूरचा नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातच, पालघर येथे सुरू झाला. या कार्यक्रमातील पथके अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी करतात. जन्माला येणाऱ्या दर हजार बाळांपैकी साधारण आठ ते नऊ बाळांच्या हृदयात जन्मतः काही ना काही दोष असतो. त्यातले काही दोष आपोआप बरे होतात, काही औषधांवर सांभाळता येतात, काही छिद्रे मांडीच्या शिरेतून तार नेऊन बंद करता येतात. उरलेल्यांना शस्त्रक्रिया लागते. यात भर पडते ती संधिवाताच्या तापाने झडपा आकसलेल्या रुग्णांची. लहानपणी घशाच्या संसर्गाकडे दुर्लक्ष झाले, की त्याचे मोल विशी-तिशीत हृदयाच्या झडपेने चुकवावे लागते. असे रुग्ण विदर्भाच्या ग्रामीण भागात आजही आढळतात.

पथकाच्या डॉक्टरांना स्टेथोस्कोपमध्ये वेगळा आवाज ऐकू आला, की मूल पवनीहून भंडाऱ्याला आणि तिथून सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी, म्हणजे टू-डी इको, होऊन पुढे जाते. पुढे म्हणजे बहुतेक वेळा सुमारे ८० किलोमीटरवरच्या नागपूरला. तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सुपर स्पेशालिटी रुग्णालय आहे, योजनेत सामील असलेली खासगी रुग्णालये आहेत. पालकांचे प्रश्न ठरलेले असतात. डॉक्टर कोण, खर्च किती, योजनेत बसेल का, दिवस किती लागतील. ‘माझ्या मुलाच्या मापाच्या नळ्या तुमच्याकडे आहेत का?’ हा प्रश्न कुणी विचारत नाही. विचारावा असे कुणी त्यांना सांगितलेलेही नसते.

पंप हौदातून घेतो, हौद नळीने भरतो

हृदयाच्या आत काम करायचे, तर हृदय थांबवावे लागते आणि ते रिकामे असावे लागते. तेवढा वेळ हृदयाचे आणि फुप्फुसांचे काम शरीराबाहेरचे यंत्र करते. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे डॉ. जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी या यंत्राच्या मदतीने पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. अठरा वर्षांच्या एका मुलीच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधले छिद्र त्यांनी बंद केले आणि २६ मिनिटे तिचे रक्ताभिसरण पूर्णपणे यंत्रावर होते. आज शाळेतल्या तपासणीत सापडणारा एक नेहमीचा दोष तोच आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातले पहिले हृदयप्रत्यारोपण केले. रुग्ण काही तासच जगला. पण जगात अशा शस्त्रक्रिया बोटांवर मोजण्याइतक्या झाल्या असताना मुंबईच्या एका सार्वजनिक रुग्णालयाने ती हिंमत केली होती. गेल्या सत्तर वर्षांत यंत्र कितीतरी सुधारले. त्याचे मूळ तत्त्व मात्र बदललेले नाही.

शरीरभर फिरून आलेले अशुद्ध रक्त दोन मोठ्या शिरांमधून हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात येते. डोके व हातांकडून येणारी एक, पोट व पायांकडून येणारी दुसरी. कॅन्युला तिथे बसवतात. तिच्यातून रक्त खाली ठेवलेल्या टाकीत उतरते. टाकीतले रक्त पंप उचलतो, ऑक्सिजन देणाऱ्या भागातून पुढे ढकलतो आणि दुसऱ्या नळीने मोठ्या धमनीत परत सोडतो. टाकी हृदयाच्या पातळीपेक्षा साधारण अर्धा मीटर खाली असते. रक्त खाली येते ते केवळ या उंचीच्या फरकामुळे.

वैनगंगेच्या काठावरच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. पाण्याने भरलेला पाईप बांधावरून पलीकडे टाकला आणि त्याचे तोंड खालच्या बांधीत सोडले, की मोटरीवाचून पाणी वाहू लागते. पाईपमध्ये हवा शिरली, की धार तुटते. पाईप बारीक घेतला, तर तास गेले तरी बांधी भरत नाही. आता त्या बांधीच्या जागी हौद आहे आणि हौदावर दहा हॉर्सपॉवरची मोटर लावली आहे, असे समजा. मोटर कितीही मोठी असली तरी हौदात पडेल तेवढेच पाणी ती पुढे देणार. हृदयशस्त्रक्रियेत तंतोतंत हेच घडते. पंपाची ताकद कधीच कमी पडत नाही. प्रवाह अडतो तो येणाऱ्या नळीपाशी.

आकडे पाहिले म्हणजे नेमकी अडचण कळते. मध्यम बांध्याच्या प्रौढ माणसाला यंत्रावर असताना मिनिटाला साधारण चार लिटर रक्त फिरवावे लागते. अर्ध्या मीटरच्या उताराने मिळणारा दाब असतो जेमतेम ४० मिलिमीटर पाऱ्याएवढा. तेवढ्या दाबात मिनिटाला चार लिटर रक्त नळीतून खाली यायला हवे. ते आले नाही, तर टाकीतली पातळी उतरू लागते. पंप चालवणारा तंत्रज्ञ, म्हणजे परफ्युजनिस्ट, मग दोनपैकी एक गोष्ट करतो. पंपाचा वेग कमी करतो किंवा टाकीत वरून द्रव घालतो. वेग कमी झाला तर मेंदू, मूत्रपिंड आणि आतड्यांना रक्त कमी मिळते. द्रव घातला तर रक्त पातळ होते आणि बाहेरून रक्त चढवण्याची गरज वाढते. टाकी रिकामी होऊ दिली, तर हवा पुढच्या नळीत जाऊन थेट मेंदूपर्यंत पोहोचू शकते. म्हणूनच टाकीवर पातळी सांगणारा गजर बसवलेला असतो.

तिकडे शरीरात जे रक्त बाहेर आले नाही, ते मागे तुंबते. वरच्या शिरेत तुंबले तर मेंदूवर सूज येण्याचा धोका, खालच्या शिरेत तुंबले तर यकृत आणि मूत्रपिंडांवर ताण. थोडे रक्त हृदयात शिरत राहिले, तर शल्यचिकित्सकाला टाके घालायची जागा नीट दिसत नाही आणि थंड करून थांबवलेले हृदय पुन्हा कोमट होऊ लागते.

नंबर तोच, नळी वेगळी

नळीचे माप ‘फ्रेंच’ या एककात सांगतात. पॅरिसमधल्या शारिएर या उपकरणे बनवणाऱ्या कारागिराने ते रूढ केले. एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. २४ फ्रेंचची नळी ८ मिलिमीटर जाड. पण हे माप बाहेरचे आहे. रक्त वाहते ते आतून, आणि आतली जागा नळीची भिंत किती पातळ आहे यावर ठरते.

इथे एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच वैद्य प्वाझय यांचा नियम लागू होतो. सरळ नळीतून द्रव संथपणे वाहत असेल, तर प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. त्रिज्या निम्मी झाली की प्रवाह निम्मा होत नाही, सोळाव्या हिश्शावर येतो. उदाहरणादाखल २४ फ्रेंचच्या दोन नळ्या घेऊ. एकीची भिंत १ मिलिमीटर जाड, म्हणजे आतला व्यास ६ मिलिमीटर. दुसरीची भिंत अर्धा मिलिमीटर, म्हणजे आतला व्यास ७ मिलिमीटर. फरक एका मिलिमीटरचा. पण नियमाने दुसरीची वाहण्याची क्षमता पहिलीच्या १.८५ पट भरते. प्रत्यक्षात रक्ताचा प्रवाह घुसळत जातो, नळीला वळणे आणि जोड असतात, त्यामुळे फरक इतका काटेकोर राहत नाही. तरीही वेष्टनावर एकच नंबर असलेल्या दोन नळ्या एकसारख्या नसतात, एवढे यातून नक्की कळते.

भिंत पातळ केली की दुसरी अडचण येते. नरम पाईप मोटरीच्या सक्शनला लावला तर तो चपटा होतो. म्हणून शेतकरी आत कडक वेटोळे असलेला पाईप घेतो. चांगल्या कॅन्युलाच्या भिंतीत असेच तारेचे बारीक वेटोळे असते. त्यामुळे भिंत पातळ ठेवूनही नळी मुडपत नाही. टोकाला आणि बाजूंना छिद्रे असतात. ती कुठे आहेत, केवढी आहेत, यालाही अर्थ आहे. एकसारखी छिद्रे ओळीने ठेवली तर बहुतेक रक्त टाकीच्या बाजूच्या, म्हणजे नळीच्या बाहेरच्या टोकाजवळच्या, छिद्रांतूनच शिरते. अगदी टोकाची छिद्रे जवळजवळ बिनकामाची राहतात. हल्ली संगणकावर प्रवाहाची नक्कल करून छिद्रांची जागा ठरवण्यावर काम चालते, ते यासाठीच.

शिरेची भिंत धमनीसारखी ताठ नसते. ओढ वाढली की ती छिद्रांवर येऊन चिकटते, नळी थरथरू लागते आणि प्रवाह उलट कमी होतो. जास्त जोराने ओढले तर जास्त रक्त येईल, हा हिशेब इथे चालत नाही. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील शल्यचिकित्सक लुडविग फॉन झेगेसर यांनी यावर वेगळा तोडगा काढला. त्यांची नळी आत घालताना दुमडून बारीक करतात. शिरेत गेल्यावर ती जाळीसारखी फुलते आणि शिरेला आतून उघडी धरून ठेवते.

लहान मूल, लहान शीर

प्रौढांच्या बायपास शस्त्रक्रियेत बहुधा एकच नळी वापरतात. तिचे टोक खालच्या शिरेत असते आणि मधली छिद्रे हृदयाच्या कप्प्यात. पण कप्प्यांमधले छिद्र बंद करायचे असेल, तर हृदयाची उजवी बाजूच उघडावी लागते. तेव्हा वरच्या आणि खालच्या शिरेत दोन स्वतंत्र नळ्या घालून भोवती फीत आवळतात, म्हणजे एक थेंबही हृदयात जात नाही. बारा किलो वजनाच्या मुलाला मिनिटाला साधारण सव्वा ते दीड लिटर रक्त लागते आणि ते दोन बारीक शिरांमधून आणायचे असते. नळी एका मापाने मोठी झाली तर शीर फाटण्याचा किंवा पुढे आकसण्याचा धोका, एका मापाने लहान झाली तर रक्त पुरेसे येत नाही. प्रौढांमध्ये दोन-तीन मापांत भागते. मुलांसाठी एकेका मापाचे अंतर ठेवून पूर्ण संच कपाटात असावा लागतो. त्यातली काही मापे महिनोन्महिने लागत नाहीत आणि लागतात तेव्हा त्यांना पर्याय नसतो.

छोट्या छेदाच्या शस्त्रक्रियेतही हाच प्रश्न वेगळ्या रूपाने येतो. छातीचे हाड न कापता बरगड्यांमधून केलेल्या शस्त्रक्रियेच्या जाहिराती आता नागपूरच्या चौकाचौकांत दिसतात. योग्य रुग्णासाठी ती पद्धत चांगली आहे. मात्र तिच्यात नळी छातीतून न घालता मांडीच्या शिरेतून हृदयापर्यंत न्यावी लागते. नळी लांब आणि बारीक, म्हणजे अडथळा दोन्हीकडून वाढलेला. उताराने पुरेसे रक्त येत नाही, म्हणून टाकीला नियंत्रित निर्वात ओढ द्यावी लागते. ती साधारण उणे २० ते ४० मिलिमीटर पाऱ्याइतकी ठेवतात. त्यापलीकडे गेल्यास तांबड्या पेशी फुटू लागतात, लघवीला लालसर रंग येतो, मूत्रपिंडांवर भार पडतो. एखादा टाका सैल असेल तर हवाही आत ओढली जाते. छेद लहान झाला म्हणून धोका आपोआप लहान होत नाही; तो अनुभवी परफ्युजनिस्टवर आणि योग्य नळीवर सोपवलेला असतो.

पॅकेज आणि निविदा

जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रियेच्या नावावर एक ठोक रक्कम ठरते. तपासण्या, औषधे, वापरून टाकायचे साहित्य, जेवण, परतीचे भाडे असे सगळे त्यात येते. रुग्णाला खिशात हात घालावा लागू नये, हा त्यामागचा हेतू चांगला आहे आणि पवनीच्या शेतमजुराला त्याचाच आधार आहे. पण ठोक रकमेत काटकसर करायची वेळ आली की ती झडपेवर होत नाही, कारण झडप दिसते, तिचे नाव कागदावर असते. ती होते न दिसणाऱ्या साहित्यावर. कॅन्युला हे त्यातले पहिले नाव.

सरकारी खरेदीचा पेच वेगळा आहे. निविदेत ‘२४ फ्रेंच, तारयुक्त’ एवढेच लिहिले असेल, तर ६ मिलिमीटर पोकळीची आणि ७ मिलिमीटर पोकळीची नळी कागदावर समान ठरते आणि कमी दराची निवडली जाते. खरेदी अधिकाऱ्याचा त्यात दोष नाही. त्याला फरक दाखवणारा रकानाच दिलेला नाही. स्टेंटची गोष्ट निराळी झाली. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत सुमारे ३० हजार रुपयांवर आणली, कारण रुग्ण, न्यायालये आणि माध्यमे त्यावर बोलत होती. कॅन्युलासाठी बोलणारे कुणी नाही. शिवाय अशा उपकरणांची देशाची मोठी गरज अजून आयातीवरच भागते, त्यामुळे कमी खपणारी मापे वितरक साठवायला तयार नसतात.

चित्र अगदी निराशाजनक नाही. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ नुसार जास्त जोखमीच्या उपकरणांना १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना बंधनकारक झाला आहे. राज्यानेही २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने स्वदेशी झडप बनवून १९९० मध्ये ती पहिल्यांदा रुग्णात बसवली. हृदय-फुप्फुस यंत्राचा ऑक्सिजन देणारा भागही तिथे विकसित झाला. आयआयटी मुंबईचे ‘बेटिक’ हे वैद्यकीय उपकरणांचे केंद्र २०१४ मध्ये राज्याच्या साहाय्याने सुरू झाले आणि नागपूरचे व्हीएनआयटी त्याच्या जाळ्यात आहे. द्रवप्रवाह हा अभियंत्यांचा नित्याचा विषय. नागपूरचे हृदयशल्यचिकित्सक आणि तिथलेच अभियंते एका टेबलाशी बसले, तर मुलांच्या मापाच्या नळ्यांचे काम इथेही होऊ शकते.

काय करता येईल

पहिली गोष्ट फुकट होण्यासारखी आहे. निविदेत बाहेरच्या मापाबरोबर आतला व्यास आणि ठरावीक प्रवाहाला किती दाब खर्च होतो, हा आकडा मागावा. नामांकित उत्पादक आपल्या माहितीपत्रकात प्रवाह आणि दाबाचा आलेख देतातच. जो देत नाही, त्याची नळी स्वस्त का आहे हे त्यातूनच कळते.

दुसरी गोष्ट, मुलांची हृदयशस्त्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक केंद्रात मापांचा किमान संच सक्तीचा करावा आणि न खपलेल्या मापांची मुदत संपल्याचा भार त्या केंद्रावर टाकू नये. तो भार टाळण्यासाठीच कपाटे अपुरी राहतात. नागपूर विभागातील केंद्रांनी दुर्मीळ मापांचा सामाईक साठा ठेवला, तरी बरेच काम होईल.

तिसरी गोष्ट नोंदीची. यंत्रावरचा वेळ, मिळालेला प्रवाह, दिलेली ओढ आणि वापरलेली नळी या चार गोष्टी प्रत्येक शस्त्रक्रियेच्या सारांशात असाव्यात. उपकरणातील दोष कळवण्यासाठी देशात २०१५ पासून ‘मटेरिओव्हिजिलन्स’ कार्यक्रम आहे. नळी मुडपली, जोड सुटला, छिद्राची कड खरखरीत निघाली, तर ते तिथे कळवायला हवे. कळवणे म्हणजे तक्रार करणे, असा समज रुग्णालयांमधून जायला हवा.

पालकांनीही शस्त्रक्रियेआधी तीन साधे प्रश्न विचारावेत. या वजनाच्या मुलांच्या शस्त्रक्रिया इथे नियमित होतात का? यंत्रावर पूर्णवेळ प्रशिक्षित परफ्युजनिस्ट असतो का? आणि मुलाच्या मापाचे सगळे साहित्य आधी तपासून ठेवले आहे का? चांगले डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाहीत. शस्त्रक्रियेची तारीख साहित्यासाठी चार दिवस पुढे गेली, तर तेवढे थांबण्यातच मुलाचे हित असते. अर्थात मुलाची प्रकृती थांबण्यासारखी आहे, असे डॉक्टरांनी सांगितले असेल तरच. योजनेतली रुग्णालये कोणती, कागद कोणते लागतात, हे तिथल्या आरोग्यमित्राकडून आधीच विचारून घेतले तर पवनी ते नागपूर अशा फेऱ्याही वाचतात.

जीएसटी कमी झाल्याने वाचणारा पैसा कुठे जातो, हे येत्या वर्षभरात दिसेल. तो केवळ बिलात जिरला, तर ऑपरेशन थिएटरमधल्या कपाटात काही बदलणार नाही. त्यातला थोडा भाग बारीक शिरांसाठी बनलेल्या चांगल्या नळ्यांवर खर्च झाला, तर अंगणवाडीच्या तपासणीत सापडलेल्या मुलाला त्याचा उपयोग होईल.